आपले रान किती फुटांना बुडते?

पावसाळ्यात कृष्णाकाठी किंवा पंचगंगाकाठी कोणी कोणाला भेटले, की रामराम झाल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाणी किती? आणि उत्तरही फुटांतच येते. सांगलीकडचा माणूस आयर्विन पुलाचा आकडा सांगतो, कोल्हापूरकडचा राजाराम बंधाऱ्याचा. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. राजाराम बंधाऱ्याशी ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका. हे इकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण शेतकरी बंधुभगिनींनो, हाच प्रश्न जरा उलटा करून विचारला, तर पुष्कळांना उत्तर देता येत नाही. पुलाशी किती फूट झाले म्हणजे तुमच्या ओढ्याकडच्या रानात पाणी शिरते? किती फुटांना तुमचा ऊस शेंड्यापर्यंत बुडतो? आणि आकडा उतरू लागल्यावर किती दिवसांनी तुमच्या बांधावरून पाणी मागे हटते?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या घराला ठाऊक असतात, त्या घराचे नुकसान शेजारच्या घरापेक्षा कमी होते. या दोन जिल्ह्यांत विस्ताराचे काम करताना हे मी अनेक पुरांत पाहिले आहे. पूर कोणालाच चुकत नाही. पण ज्याने आपली राने, आपली पिके आणि आपली जनावरे एकाच पातळीला ठेवलेली नसतात, त्याचे सगळे एका रात्रीत जात नाही.

आपल्याकडचा पूर येतो कसा, हे थोडक्यात पाहू. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस उतारावरून धावत खाली येतो. कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते, आणि भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचे पाणी घेऊन पंचगंगा नृसिंहवाडीला येते. डोंगरातली ही घाई शिरोळ तालुक्याच्या सपाटीवर येऊन संपते. कृष्णा भरलेली असली, की पंचगंगेचे पाणी तिच्यात उतरत नाही. ते मागे फुगते. म्हणून कोल्हापुरात पाऊस उघडून ऊन पडले, तरी कुरुंदवाडकडच्या रानात पाणी हलत नाही. वरच्या अंगाला पूर येतो आणि जातो. खालच्या अंगाला तो येतो आणि बसतो. अलमट्टीच्या पाण्यावरून जो वाद चालतो, तो अभियंते आणि सरकारे यांनी मिटवावा. तो मिटेपर्यंत आपल्या बांधावरचे काम आपल्यालाच करावयाचे आहे.

आणखी एक गोष्ट. मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची मर्यादा नव्हे. २००५ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. घराघरांच्या भिंतींवर त्याच्या खुणा होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले, तेव्हा त्या खुणेकडे बोट दाखवून कितीतरी माणसे घरात थांबली : २००५ ला इथवर आले होते, म्हणजे यापुढे येत नाही. पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. मग रात्री-अपरात्री बोटी शोधण्याची वेळ आली. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. त्या वेळी सांगलीत पाणी २०१९ पेक्षा कमी राहिले, पण राजाराम बंधाऱ्याशी ते ५६ फुटांच्या वर, म्हणजे २०१९ पेक्षाही अधिक चढले. २०२४ च्या जुलैतही तिथे धोक्याची पातळी ओलांडली गेली. पूर पूर्वीही येत होते. आता मात्र दोन महापुरांमध्ये घर सावरायला जो अवकाश मिळायचा, तो राहिलेला नाही.

उसावरचा जुना भरवसा

नदीकाठाने ऊस का धरला, याचे कारण केवळ कारखाना हे नव्हे. आपल्या वाडवडिलांचा तो पुरावरचा विमाच होता. ज्वारी दोन दिवस पाण्यात राहिली तर जाते, भुईमूग जातो, मिरची तर पाय भिजले तरी माना टाकते. ऊस मात्र कमरेएवढ्या पाण्यात तीन-चार दिवस उभा राहतो आणि पाणी ओसरले की पुन्हा हिरवा होतो. वर गाळाचा थर मिळतो, तो वेगळाच. मळीच्या रानातला ऊस न खत घालता पोसतो, असे म्हणत ते यामुळेच.

हा भरवसा तेव्हा खरा होता आणि आजही अर्धा खरा आहे. उसाचे जीवन त्याच्या शेंड्यात असते. पोंग्याच्या आत जो वाढीचा कोंब असतो, तो पाण्याच्या वर राहिला तर ऊस आठवडाभरही दम धरतो. कांड्यांवर पांढऱ्या मुळ्या सुटतात, वाढ खुंटते, उतारा घटतो, पण पीक हाती लागते. तोच पोंगा पाण्याखाली गेला आणि त्यात गाळ बसला, की तो आतून कुजू लागतो. शेंडा मेला की खालचे डोळे फुटतात, पांगशा निघतात, उसातली साखर त्या फुटव्यांना जाते आणि वजन उतरते. म्हणजे उसाला किती पाणी आले यापेक्षा शेंडा बुडाला का आणि किती दिवस बुडाला, हा खरा हिशेब आहे. पूर्वीचा पूर दोन-तीन दिवसांत शेंडा मोकळा करीत असे. २०१९ ला सखल भागात आठ-दहा दिवस पाणी ठाण मांडून बसले. जुना विमा तिथे फुटला.

बरे, दुसरा विमा आहे म्हणावे, तर तोही नाही. सरकारी पीकविम्यात महाराष्ट्रात सोयाबीन, भात, ज्वारी, भुईमूग ही पिके येतात. ऊस येत नाही. काठावरचे ज्याचे सगळे रान उसाखाली आहे, त्याला विम्याचा अर्जच भरता येत नाही. सोसायटीचे कर्ज मात्र उसावरच काढलेले असते, आणि ते कारखान्याच्या बिलातून वळते होत असते. बिल निम्मे आले तरी कर्ज निम्मे होत नाही. म्हणून सगळा ऊस सखल रानात असणे, हा पिकाचा प्रश्न जितका, तितकाच घराच्या पतीचा प्रश्न आहे.

रानाचा आकडा काढावा कसा

यंदा पाणी आले तर एक साधे काम करा. पाणी तुमच्या रानाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात ज्या वेळी शिरेल, ती तारीख, ती वेळ आणि त्या वेळचा पुलाचा आकडा वहीत टिपा. सगळे रान झाकले गेले की पुन्हा टिपा. पाणी मागे हटले की तिसऱ्यांदा टिपा. आकडा मोबाइलवर तासातासाला फिरत असतोच. तो नुसता वाचून पुढे पाठवण्यापेक्षा आपल्या गट नंबरापुढे लिहून ठेवला, तर त्याचा उपयोग होईल. विजेच्या खांबावर किंवा जुन्या बाभळीवर रंगाने रेघ मारून वर्ष घाला. मात्र ही नोंद बांधावर सुरक्षित उभे राहून जेवढी होईल तेवढीच करावी. रेघ मारायला कोणी पाण्यात शिरू नये. पुराबरोबर साप येतात, विजेच्या तारा लोंबत असतात, आणि कृष्णेत मगरी आहेत हे भिलवडी-औदुंबरकडच्या मंडळींना मी सांगावयास नको.

जुन्या पुराची नोंद नसेल, तर घराच्या किंवा देवळाच्या भिंतीवरची खूण धरून रानाची पातळी काढता येते. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, दोन माणसे आणि एक काठी घ्या. अर्ध्या दिवसात चार राने होतात. आपल्या गावाला जवळची मोजपट्टी कोणती, ते आधी ठरवा. कऱ्हाडपासून नृसिंहवाडीपर्यंत नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे एका गावचा आकडा जसाच्या तसा दुसऱ्या गावाला लागू पडत नाही. शेजाऱ्याचा आकडा उसना घेऊ नका, एवढाच याचा अर्थ.

नृसिंहवाडीकरांची या बाबतीत मला नेहमी गंमत वाटते. दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडले, की लोक श्रद्धेने स्नानाला जमतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. कुठल्या पायरीला पाणी आल्यावर काय करावयाचे, हे तिथे पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहे. देवाच्या घरी जी शिस्त आहे, ती आपल्या गोठ्याला आणि रानाला लावायला हरकत नसावी.

कोणत्या रानात काय

आकडे हाती आले, की रानाचे तीन भाग आपोआप पडतात. इशाऱ्याच्या आसपासच बुडणारे मळीचे रान. धोका ओलांडल्यावर बुडणारे मधले रान. आणि महापुरातच बुडणारे किंवा कधीच न बुडणारे वरचे रान. ज्याच्याकडे तिन्ही प्रकारचे थोडे थोडे आहे, तो भाग्यवान. वाटणीच्या वेळी प्रत्येक भावाला मळीतला एक पट्टा आणि माळावरचा एक पट्टा देण्याची जी जुनी रीत होती, तिला आपण तुकडे पडतात म्हणून नावे ठेवली. तुकडे पडतात हे खरेच. पण त्या रीतीमागे पुराचाही विचार होता, हे लक्षात घ्यावे.

शिरोळ तालुक्यातील एक घर माझ्या पाहण्यात आहे. साडेचार एकर जमीन, सासू, दोन सुना, थोरला मुलगा बाहेरगावी नोकरीला. शेती बहुतेक थोरली सूनच पाहते. २०१९ पर्यंत साडेचारही एकर ऊस होता, त्यातला दीड एकर नवा आडसाली. तो दीड एकर तर मुळासकट गेला, उरलेल्यातला निम्मा शेंडा कुजून गेला. पुढच्या वर्षापासून त्यांनी तीन गोष्टी बदलल्या. नदीलगतच्या दीड एकरात आडसाली लावणे बंद केले. माळाकडच्या एक एकरातून ऊस काढून तिथे सोयाबीन, मागून हरभरा आणि कडेला दहा गुंठे बेणेमळा केला. आणि दोन म्हशींच्या चार केल्या. २०२१ ला त्यांच्या रानात पाणी आलेच. पण दूध चालू राहिले, बेणे हाताशी राहिले आणि सोयाबीनही घरात आले. शेजाऱ्यांच्या मानाने त्यांना ऊस कमी मिळतो, असे ती सूनबाई स्वतःच सांगते. चांगल्या वर्षी त्यांचे उत्पन्न थोडे कमीच असते. पण वाईट वर्षी त्यांना सावकाराकडे जावे लागले नाही.

ती जे करते त्याचे शास्त्र समजून घेऊ. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्टची. नेमके हेच दिवस आपल्याकडे महापुराचे. कांड्या उगवतात न उगवतात तोच पाण्याखाली जातात आणि कुजतात. बेणे, खत, मजुरी सगळे वाहून जाते. मळीच्या रानात म्हणून आडसाली लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्याचा उतारा कितीही मोठा असो. त्याऐवजी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीचा ऊस पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये आठ-नऊ महिन्यांचा, चांगला उंच आणि मुळाने घट्ट असतो. पाणी आले तरी शेंडा वर राहण्याची शक्यता वाढते. जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू ऊस त्या वेळी पाच-सहा महिन्यांचाच असतो, तो लवकर झाकला जातो. लवकर तुटलेल्या उसाचा खोडवाही चालतो, कारण त्याची मुळी जुनी असते. मोठी बांधणी पावसाच्या आधी उरकून घ्यावी, म्हणजे ऊस पाण्याच्या ओढीला लोळत नाही. लोळलेल्या उसाचा शेंडा उंची असूनही पाण्यात जातो. आणि पुराच्या तोंडावर मळीच्या रानात खताचा मोठा हप्ता देऊ नये. ते खत कर्नाटकात जाते.

बेणेमळा मात्र कोणत्याही परिस्थितीत वरच्या रानात असावा. पुरात बुडालेल्या उसाचे डोळे फुटलेले वा मेलेले असतात, ते बेणे म्हणून घेऊ नये. पूर ओसरल्यावर सगळा भाग एकाच वेळी बेणे शोधत फिरतो आणि मग मिळेल ते, मिळेल त्या भावाला घ्यावे लागते. ज्याच्या माळावर दहा गुंठे बेणे आहे, तो सप्टेंबरात एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये करून ठेवतो आणि जमिनीला वाफसा येताच लागण करतो. त्याचा एक महिना वाचतो.

मळीच्या ज्या रानात दरवर्षीच पाणी येते, तिथे खरिपाचा आग्रह सोडलेला बरा. उन्हाळी भुईमूग किंवा उन्हाळी भाजी घेऊन जूनमध्ये रान मोकळे करावे आणि पावसात धैंचा टाकावा. तागापेक्षा धैंचा पाण्यात अधिक टिकतो, माती धरून ठेवतो, आणि पूर आला तरी बियाण्यापलीकडे काही जात नाही. ओघळीच्या कडेला पॅरा गवत लावले तर तेही ओल सोसते आणि जनावरांना चारा होतो. खरा हंगाम मग रब्बीचा : पोयटा बसलेल्या रानात शाळू, हरभरा, खपली गहू आणि कृष्णाकाठची वांगी जशी येतात, तशी माळावर येत नाहीत.

सोयाबीन मधल्या रानात घ्यायचे असेल तर सपाट पेरू नये, वरंब्यावर टोकावे. पावसाचे साचलेले पाणी त्याने निघून जाते. पण ही सोय पावसाच्या पाण्यापुरती. पुराचे पाणी वरून चढले की वरंब्याचा उपयोग नाही, आणि तीन-चार दिवस बुडालेले सोयाबीन पुन्हा उभे राहत नाही. हळद तर मधल्या रानातही जोखमीची, कारण पाणी निघून गेले तरी कंदकूज मागे राहते. हळदीवरून आठवले : हरिपूर आणि सांगलवाडीच्या जमिनीतली हळदीची पेवे किती प्रसिद्ध होती! वर्षानुवर्षे हळद त्यांत टिकत असे. २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले आणि पिकवून, शिजवून, वाळवून ठेवलेला माल गेला. शेतातले पीक वाचले म्हणजे धोका टळला असे नव्हे. माल कोणत्या पातळीला ठेवला आहे, तेही पाहावे लागते. घरातले रब्बीचे बियाणे, धान्याची कणगी, खताची पोती यांनाही हेच लागू.

भाताबद्दल एक शब्द. ओडिशातील एका जुन्या वाणातला पाण्याखाली तग धरण्याचा गुण शास्त्रज्ञांनी स्वर्णा या भातात आणला आणि २००९ मध्ये स्वर्णा सब-१ हा वाण आपल्या देशात प्रसारित झाला. वाढीच्या काळात दोन आठवड्यांपर्यंत बुडूनही तो पुन्हा फुटतो. पूर्व भारतात त्याचा चांगला उपयोग झाला आहे. करवीर-पन्हाळ्याच्या सखल खाचरांत तो किती दिवसांत निसवतो, हे गुंठाभर लावून पाहिल्याशिवाय सगळे खाचर त्याखाली घालू नये.

मोटर आणि दावण

नदीवरची मोटर हा दरवर्षीचा तमाशा असतो. पाणी पात्राबाहेर पडू लागले की काठावर एकच पळापळ. साखळ्या, दोर, ट्रॅक्टर आणि आरडाओरडा. मोटर, स्टार्टर पेटी आणि केबल वर काढायचा आकडा गावातल्या सगळ्या मोटारवाल्यांनी मिळून जूनमध्येच ठरवावा, आणि तो इशाऱ्याच्या बराच खाली असावा. मृगाचा पाऊस लागला की नदीच्या पाण्याची तशी फार गरजही नसते. एक मोटर दिवसा काढायला पाच माणसे लागतात. रात्री चिखलात दहा लागतात आणि एखादा जायबंदी होतो. वीज बंद झाल्याची खात्री वायरमनकडून केल्याखेरीज पेटीला हात लावू नये. शेजाऱ्याने बंद आहे असे सांगितले, एवढ्यावर कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गेले आहेत.

जनावरांची व्यवस्था बहुतेक घरांत बायकाच पाहतात, म्हणून हे त्यांच्यासाठी. ज्या पाहुण्यांकडे माळावरच्या गावी जनावरे न्यावयाची, त्यांच्याशी बोलणे मे महिन्यातच करून ठेवा आणि दोन गाड्या कडबा किंवा मुरघासाच्या पिशव्या तिथे आधीच पोचवा. चाऱ्यासकट आलेले जनावर कोणाला जड होत नाही. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्या. अनेक गावांची जनावरे एका छावणीत आली की घटसर्प झपाट्याने पसरतो. गाभण आणि दुभती जनावरे पहिल्या दिवशी हलवा, भाकड नंतर. पाणंद कोणत्या आकड्याला बंद होते हे ठाऊक असेल, तर हे सगळे चालत होते. नसेल तर गळ्याएवढ्या पाण्यातून म्हैस ओढावी लागते. आणि अगदीच अंगावर बेतले, तर दावी सोडून द्या. २०१९ ला दावणीला बांधलेल्या अवस्थेत मेलेली जनावरे ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मोकळे जनावर पोहते.

सातबारा, पासबुके, जनावरांच्या नोंदी, सोन्याची पावती हे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असावे, आणि ती पिशवी कोणी उचलायची हेही ठरलेले असावे.

पूर ओसरल्यावर

पाणी उतरले की घाई होते आणि घाईत चिखल तुडवला जातो. पहिले काम चर काढून साचलेले पाणी बाहेर घालवण्याचे. रानात वाफसा येईपर्यंत औत घालू नये. उसाच्या पोंग्यात आणि पानांवर गाळ असेल तर जिथे पंप आणि स्वच्छ पाणी आहे तिथे तो धुऊन काढावा. पान झाकलेले असले की पीक उपाशी राहते. वाफसा आल्यावर नत्र आणि पालाशाचा एक जादा हप्ता द्यावा. या काळात गावोगाव बुडालेल्या उसाला जीवदान देणारी रंगीत बाटल्यांची औषधे घेऊन माणसे फिरतात. कुजलेला शेंडा कोणत्याही बाटलीने जिवंत होत नाही. ते पैसे चर काढणाऱ्या मजुराला द्या.

पंचनाम्याचे म्हणाल, तर तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात; पंचनामा मात्र पूर्वीचाच आहे. २०१५ पासून पिकाची हानी ३३ टक्के किंवा अधिक असली, तर ती मदतीस पात्र धरतात. त्यापूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. रानात तीन इंचांहून अधिक गाळ वा वाळू बसली असेल, तर ते वेगळे नुकसान आहे. ते पिकाच्या रकान्यात दडपू देऊ नका. अडचण अशी, की खरिपाची ई-पीक पाहणी १ ऑगस्टच्या सुमारास सुरू होते आणि पूर कधी कधी जुलैतच येऊन जातो, जसा २०२१ ला आला. नोंद होण्याआधीच पीक गेले तर ते होते हे सिद्ध कसे करणार? म्हणून पेरणी झाली की आठ दिवसांत बांधाची ओळख पटेल असे फोटो काढून ठेवा, बियाण्याच्या पावत्या जपा आणि पाहणी सुरू होताच पहिल्या दिवसांत नोंद करा. पीकविम्याचे नियमही दर थोड्या वर्षांनी बदलत आले आहेत. २०२३ च्या खरिपात एका रुपयात विमा होता, २०२५ च्या खरिपापासून पुन्हा हप्ता भरावा लागू लागला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर नेली गेली. मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. सहायक कृषी अधिकाऱ्याला हंगामाच्या सुरुवातीलाच विचारा.

राहता राहिला बुडालेला ऊस. शेंडा गेलेल्या प्लॉटचा गट नंबर, लागणीची तारीख आणि किती दिवस पाणी होते, हे लिहून कारखान्याच्या शेतकी गट कार्यालयात द्या आणि पोच घ्या. असा ऊस हंगाम सुरू होताच तुटला पाहिजे. तो डिसेंबरपर्यंत थांबला तर आत पोकळ होतो आणि त्याचे पाचटच विकल्यासारखे होते. तो तुटल्यावर खोडवा ठेवायचा की नाही, हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. रानाच्या वेगवेगळ्या भागांतली दहा-बारा बेटे कुदळीने उकरा. बुडख्यांवर नव्या पांढऱ्या मुळ्या दिसल्या आणि डोळे टणक असले, तर खोडवा राखा आणि नांग्या रोपांनी भरा. मुळ्या काळ्या पडून आंबूस वास येत असेल, तर आशा धरून बसू नका. नांगर घाला आणि नोव्हेंबरचा मध्य उलटण्याच्या आत तिथे हरभरा पेरा.